प्रिंट, सही, स्कॅन: नव्या फ्रीलान्सरसाठी

अजूनही ‘प्रिंट काढा, सही करा, स्कॅन करून पाठवा’ म्हणणारी ऑफिसं भेटणारच. वाद घालू नकोस, पैसे तुझेच अडकतात. सुरुवातीला एवढं सांभाळ:

- काम घेतानाच विचार: बिल कोणाच्या नावे, कोणत्या नमुन्यात, कागदी प्रत लागते का? पीओ नंबर (परचेस ऑर्डरचा, म्हणजे कंपनीच्या लेखी ऑर्डरचा क्रमांक) लागत असेल तर तो हाती आल्याशिवाय बिल पाठवू नकोस. नवख्यांची बिलं इथेही परत येतात.
- कागद दिला की पोच घे. फोनवर ‘मिळालं’ म्हणाले तरी मेल टाकच.

काम देणारा वेगळा, पैसे सोडणारा अकाउंट्स विभाग वेगळा. नवी मंडळी पहिल्याच्याच मागे लागतात. ओळख दुसऱ्याशी वाढव. डिजिटल सही वगैरे सुचवायचं ते पहिलं पेमेंट खात्यात आल्यावर!