वाचक विचारतात : युक्रेनची 36वी मरीन ब्रिगेड

युक्रेनच्या 36व्या मरीन ब्रिगेडबद्दल आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. मरीन म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढण्यासाठी तयार केलेलं पायदळ. द्निप्रो नदीकाठच्या क्रिंकी गावातल्या लढाईविषयी अनेकांनी विचारलं होतं, म्हणून ते उत्तर लांबलं आहे.

प्रश्न : आपल्याकडे ब्रिगेड म्हणजे तीन पलटणी, आणि वर डिव्हिजन. युक्रेनच्या बातम्यांत मात्र जे काही करते ते ब्रिगेडच. या 36व्या ब्रिगेडमध्ये असतं तरी काय काय? (एक निवृत्त सुभेदार, सातारा)

उत्तर : सोव्हिएत काळातल्या डिव्हिजन युक्रेनने टप्प्याटप्प्याने मोडीत काढल्या. तेव्हापासून डिव्हिजनकडे असायच्या त्या बऱ्याच गोष्टी ब्रिगेडच्या पदरात आल्या. आपल्या पायदळ ब्रिगेडला तोफखाना वरून मिळतो, तिथे तो ब्रिगेडचा स्वतःचा असतो. शिवाय रणगाडे, विमानवेधी तोफा, टेहळणी, सॅपर, सिग्नल, दुरुस्ती आणि वैद्यकीय पथकही तिचंच. कमांडर मात्र बहुधा कर्नल हुद्द्याचा. वर कोअर (अनेक ब्रिगेड एकत्र सांभाळणारा स्तर) नेमून कायमची साखळी बसवण्याचं काम 2025मध्ये सुरू झालं.

36व्या ब्रिगेडचा गाभा म्हणजे दोन बटालियन : पहिली आणि 501वी. मांडणी जुन्या सोव्हिएत पठडीची. आठ-नऊ जणांचं सेक्शन एका चिलखती गाडीत (बीटीआर-80), अशा तीन गाड्यांची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी. कंपनी कमांडरची गाडी धरून दहा-एक गाड्या होतात. बटालियनमध्ये अशा तीन कंपन्या, सोबत 120 मिलिमीटर उखळी तोफा. माणसं कागदावर चारशे ते पाचशे. तोफखान्यात सहा-सहा तोफांच्या तीन बॅटऱ्या, म्हणजे आपल्या रेजिमेंटसारख्याच 18 तोफा. यातली ग्वोझदिका ही 122 मिलिमीटरची तोफ पट्ट्यांवर चालते, पाण्यात तरंगते आणि साधा गोळा साधारण 15 किलोमीटर फेकते. ग्राद रॉकेटच्या ट्रकवर 40 नळ्या असतात.

रणगाडे टी-80, आणि त्यांचं दुखणं इंजिनात आहे. गॅस टर्बाइन थंडीत झटकन सुरू होतं, पळतंही छान, पण जागेवर उभं असतानाही भरमसाट इंधन पितं. त्यामुळे रणगाड्यांमागे टँकरची रांग लागते आणि वरून घिरट्या घालणाऱ्या ड्रोनला आधी टँकरच दिसतो.

कागद आणि खंदक यांत सगळ्यात मोठी तफावत पडते ती बटालियन उसन्या देण्यामुळे. एका ब्रिगेडची बटालियन दुसऱ्या ब्रिगेडच्या हाताखाली लढते. ज्या कमांडरच्या हाताखाली जायचं तो तिला ओळखत नाही, रेडिओच्या सांकेतिक चाव्या जुळवायला वेळ जातो आणि गाड्यांचे सुटे भाग मूळ ब्रिगेडच्या कोठारात पडून राहतात. त्यातून जखमींची जबाबदारी कुणाची, यावर वाद होतो तो वेगळाच. कोअर पद्धत आणण्यामागे हे एक ठळक कारण होतं.

प्रश्न : ही ब्रिगेड क्रिमियातून पळून आलेल्यांची, असं ऐकलं. खरं आहे का? (पुणे)

उत्तर : ‘पळून आलेल्यांची’ म्हणणं अन्यायाचं आहे. पहिल्या बटालियनचा तळ फियोदोसियाला होता आणि 501वीचा केर्चला. 24 मार्च 2014 रोजी रशियन सैन्याने फियोदोसियाचा तळ हेलिकॉप्टर आणि चिलखती गाड्यांनिशी घेतला. बटालियनचे कमांडर द्मित्रो देल्यातित्स्की पकडले गेले, पुढे सुटले. दोन्ही बटालियनमधले काही जण क्रिमियातच राहिले, काहींनी बाजू बदलली. जे युक्रेनच्या मुख्य भूमीवर आले त्यांच्याभोवती मिकोलाइव्हला नव्याने बांधणी झाली आणि 2015मध्ये 36वी ब्रिगेड उभी राहिली. फेब्रुवारी 2024मध्ये देल्यातित्स्की अख्ख्या मरीन कोअरचे प्रमुख झाले.

ब्रिगेडला नाव आहे रिअर अॅडमिरल मिखाइलो बिलिन्स्की यांचं. ते युक्रेनी लोकप्रजासत्ताकाचे, म्हणजे रशियन क्रांतीनंतरच्या अल्पायुषी युक्रेनी राज्याचे, नौदलमंत्री. 1919मध्ये त्यांनी मरीन पलटणी उभारायला घेतल्या. नोव्हेंबर 1921मध्ये बोल्शेविकांविरुद्ध लढताना ते मारले गेले.

मग 2022. ब्रिगेडचा मोठा भाग मारियुपोल या बंदराच्या शहरात होता आणि रशियन वेढ्यात सापडला. एप्रिलमध्ये इलिच पोलाद कारखान्यात दारूगोळा संपत आल्यावर वेढा फोडायचा प्रयत्न झाला. कमांडर कर्नल वोलोदिमिर बारान्यूक आणि शेकडो मरीन कैद झाले. मेजर सेर्ही वोलिन्स्की यांच्यासोबतचे मरीन अझोवस्ताल या शहरातल्याच दुसऱ्या पोलाद कारखान्यात अझोव्ह या युक्रेनी तुकडीच्या सैनिकांना जाऊन मिळाले आणि मे महिन्यात वरून हुकूम आल्यावर शरण गेले. त्यानंतर ब्रिगेड जवळजवळ नव्याने भरावी लागली.

प्रश्न : जहाजं नाहीत, तर मरीन कशाला? आणि क्रिंकीला नेमकं चुकलं काय? (अलिबाग)

उत्तर : युक्रेनचं मोठं लँडिंग जहाज ‘कोस्त्यांतिन ओल्शान्स्की’ 2014मध्येच रशियाने घेतलं. तेव्हापासून मरीन प्रत्यक्षात जमिनीवरचं पायदळच आहेत. 2023च्या उन्हाळ्यात मरीन ब्रिगेडांनी स्तारोमायोर्स्के आणि उरोझाइने ही गावं परत घेतली, ती समुद्रापासून चांगलीच दूर आहेत. त्याच वर्षी 23 मे रोजी मरीन कोअर हे सैन्याचं वेगळं अंग झाल्याचं जाहीर झालं आणि 37वी, 38वी या नव्या ब्रिगेड 35वी-36वीच्या जोडीला आल्या.

आता पाण्याचं. बीटीआर-80 पाण्यात ताशी नऊ-दहा किलोमीटरने चालते. उतरण्याआधी तळाची बुचं घट्ट आहेत का पाहायचं, दारांचं रबर तपासायचं, पाणी उपसणारा पंप चालवून बघायचा आणि नाकावरची फळी उभी करायची. फळी विसरली की लाट थेट चालकाच्या काचेवर येते. मागचा पाणझोत आणि चाकं पाण्यात शिरताना व बाहेर पडताना एकाच वेळी चालू ठेवायची. गाडी अडकते ती बाहेर निघताना : पुढची चाकं चिखलात रुततात आणि मागच्या झोताला ढकलायला पुरेसं पाणी उरत नाही. टायरची हवा आधीच कमी करून ठेवली तर निभाव लागतो. ड्रोनपासून वाचायला वर लोखंडी जाळ्या बसवल्या की वजन वाढतं आणि गाडी ठरल्यापेक्षा खोल बसते.

क्रिंकीत हे सगळं बाजूलाच राहिलं. ऑक्टोबर 2023मध्ये मरीन द्निप्रो ओलांडून डाव्या काठावरच्या या गावात शिरले, ते लहान मोटरबोटींतून. उजवा काठ उंच, तोफखाना तिथूनच मारा करत होता. डावा काठ सखल, त्यात जून 2023मध्ये काखोव्का धरण फुटल्यावर बेटं आणि दलदल गाळाने भरलेली. बोटीचे पंखे लव्हाळ्यात आणि वाहून आलेल्या कचऱ्यात अडकायचे. उथळ पाण्यात उतरून बोट ओढावी लागे आणि तेवढ्या वेळात ड्रोन यायचं. पाणी, बॅटऱ्या, काडतुसं मोठ्या बहुपंखी ड्रोनवरून टाकली जात. पण जखमी माणूस ड्रोनने परत येत नाही, त्याला अंधार आणि बोट दोन्हींची वाट पाहावी लागते. तरंगता पूल टाकला असता तर तो रशियन तोफा आणि ग्लाइड बॉम्ब (विमानातून सोडलेले, पंखांवर तरंगत दूरवर जाणारे बॉम्ब) यांच्या टप्प्यातच असता. पूल नाही म्हणून रणगाडे नाहीत, आणि रणगाड्यांशिवाय गावापुढे सरकता येईना. 2024च्या उन्हाळ्यात क्रिंकी सोडलं. रशियन फौजा तिथे गुंतून पडल्या हे समर्थन दिलं जातं. आमच्या मते पहिल्या महिन्यांत ते खरं होतं. पुढे गाव उद्ध्वस्त झाल्यावर ते राखण्याचा खर्च फायद्याच्या कितीतरी पुढे गेला.

प्रश्न : टोपी काळी की हिरवट? जुन्या आणि नव्या फोटोंत फरक दिसतो. (नाशिक)

उत्तर : काळी बेरे सोव्हिएत वारशातली, आणि रशियन मरीनही तीच घालतात. 23 मे 2018पासून युक्रेनने समुद्रलाटेच्या निळसर-हिरव्या रंगाची बेरे घेतली आणि मरीन दिनही त्याच तारखेवर आणला. म्हणून काळी टोपी घातलेला युक्रेनी मरीन दिसला की फोटो बहुधा 2018पूर्वीचा समजावा. नंतरचेही काही फोटो अपवाद असतात, कारण जुनी टोपी हौसेने जपणारे आहेत.