डीव्हीडी काढून एसएसडी, की नवा लॅपटॉप हप्त्यावर?

मिरजेच्या एका ताईंनी विचारलंय. घरी बसून चार-पाच व्यापाऱ्यांचं टॅली आणि जीएसटीचं काम करतात, महिन्याला सरासरी २४ हजार सुटतात, डिसेंबर-जानेवारीत मात्र १५ वर येतात. लॅपटॉप २०१५ चा, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, त्यात ३१० जीबी भरलेली. लॅपटॉप चालू करायचा, चहा टाकायचा, चहा पिऊन कप धुवायचा आणि तरी टॅली उघडलेलं नसतं असं त्या लिहितात. दुकानदाराने दोन रस्ते सांगितलेत. पहिला म्हणजे डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडी (डिस्क धरणारी चौकट) टाकून २५६ जीबीची एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि जोडीला रॅम, मजुरी धरून ४,८०० रुपये. दुसरा म्हणजे नवा लॅपटॉप, ५२ हजार, १२ महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय, रोख दिले तर ५० हजार. घरात ६० हजारांची एफडी आहे, पतसंस्थेत. घरखर्च दोघांच्या कमाईवर चालतो, तो महिन्याला ३५ हजार. आणि २ हजारांची बारा जणींची भिशी आहे, ताईंचा नंबर दिवाळीत. प्रश्न असा की, "मॅडम, जुन्यावर पैसे घालणं म्हणजे पाण्यात घालणं का? एफडी मोडून एकदाच नवा घेऊन टाकू का?"

ताई, एफडीला हात लावायचा नाही हे आधी सांगते, बाकीचं नंतर बोलू. ६० हजार म्हणजे तुमच्या घरचा दोन महिन्यांचाही खर्च होत नाही, त्यातले ५० गेले की उरतात १०, आणि दवाखान्याचं एखादं बिल आलं की मग सोनं गहाण नाहीतर शेजारी हात पसरणं, हे मी इतक्या घरांत बघितलंय की याबाबतीत मी थोडी हट्टी आहे. आणि विषय निघालाच आहे तर, पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेतल्यासारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं. मुदत संपली की ती रक्कम बँकेत हलवा. आत्ता मोडू नका, मुदतीला हलवा.

आता हप्ता. ५२ हजार भागिले १२ म्हणजे ४,३३३ रुपये. मार्च ते सप्टेंबर तुम्हाला तो जाणवणारही नाही, पण डिसेंबर-जानेवारीत १५ हजारांतून ४,३३३ म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा, वर भिशीचे २ हजार. नो कॉस्ट म्हणजे फुकट असं समजू नका, व्याज असतंच, ते फक्त आधी सूट म्हणून वजा करून दाखवतात आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र आपल्याकडूनच घेतात. १५ टक्के दर धरला तर तुमच्या हप्त्यांत साधारण ४ हजार व्याज दडलेलं आहे, त्यावरचा जीएसटी ७२० च्या आसपास, प्रोसेसिंग फी १९९ असली तर कर धरून २३५, आणि रोख घेतला असता तर २ हजार कमी पडले असते ते वेगळेच. म्हणजे तीन हजारांच्या जवळ गेलं. फार नाही, पण शून्य पण नाही.

दुकानदाराने "टॅक्समध्ये सुटेल" असंही म्हटलंय. तुमच्या बाबतीत काही सुटणार नाही. वर्षाचे २ लाख ८८ हजार होतात, नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर करच नाही, मग वाचवणार कशातून? आणि तुमची उलाढाल २० लाखांच्या खाली, जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे लॅपटॉपवरचा १८ टक्के जीएसटी परत मिळायचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्यांची रिटर्न भरता म्हणजे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, पण स्वतःच्या खरेदीच्या वेळी आपण काउंटरवर ऐकलेलं खरं धरतो, सगळ्यांचंच होतं तसं.

मग जुन्यावर खर्च करायचा का? माझं उत्तर हो, पण दुकानदार सांगतोय तसा नाही.

तुमचा वेळ मोजून बघा. रोजची ४० मिनिटं वाट बघण्यात जातात असं तुम्ही लिहिलंय. महिन्याचे २६ दिवस धरले तर १७ तासांच्या वर होतात. रोज सहा तास काम करून २४ हजार मिळवता म्हणजे तासाचे साधारण १५४ रुपये. १७ तासांचे अडीच हजारांच्या वर झाले, दर महिन्याला, तिकडे चहा थंड होत असताना. आता वाचलेला प्रत्येक तास लगेच पैसा होतो असं मी म्हणत नाही, काम कमी असेल तेव्हा तो तास विश्रांतीचा होतो, तोही हवाच की. म्हणून हिशोब निम्मा धरते. तरी सहा-साडेसहा हजारांचा खर्च पाच महिन्यांत फिटतो, आणि जुलै-सप्टेंबरच्या घाईत तर आधीच. आणि बघा, ही वाट बघण्यातली ४० मिनिटं नव्या ५२ हजारांच्या लॅपटॉपमध्ये पण तेवढीच वाचणार आहेत, कारण अडलंय ते फिरणाऱ्या डिस्कवर आणि ४ जीबी रॅमवर. तेव्हा प्रश्न असा विचारायचा की वरच्या ४५ हजारांत जास्तीचं काय मिळतंय. वॉरंटी, चांगली बॅटरी आणि विंडोज ११. यातलं तिसरं महत्त्वाचं आहे, त्यावर येते.

आधी कॅडी. कॅडी म्हणजे डीव्हीडी ड्राइव्हच्याच मापाची रिकामी चौकट. लॅपटॉप उलटा केला की खाली बहुतेक वेळा एकच स्क्रू ड्राइव्हला धरून असतो, तो काढला की ड्राइव्ह खणासारखा बाहेर सरकतो, त्या जागी कॅडी सरकवायची, ड्राइव्हची पुढची पट्टी काढून कॅडीला लावायची, बाहेरून कुणाला कळत पण नाही. जाडी दोन मापांची येते, ९.५ मिमी आणि १२.७ मिमी, आपल्या ड्राइव्हची मोजूनच आणायची. काम सोपं आहे म्हणून दुकानदार एसएसडीच त्या कॅडीत टाकून देतात, आणि तिथे चुकतं. बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडीचा साटा पोर्ट (डिस्क जोडायची जागा) सेकंदाला ३ गिगाबिटचा आणि हार्ड डिस्कचा ६ गिगाबिटचा असतो, म्हणून कॅडीत एसएसडीला पूर्ण वेग मिळत नाही. एसएसडी नेहमी हार्ड डिस्कच्या मूळ जागी बसवायची आणि कॅडीत टाकायचीच असेल तर जुनी डिस्क टाकायची.

मी स्वतः २०१६ मध्ये ऑफिसच्या लॅपटॉपला हेच केलं होतं. बसवणाऱ्याने एसएसडी कॅडीत टाकली, वेग हवा तसा येईना, परत उघडून अदलाबदल केली. वर्षभर छान चाललं. मग एका दुपारी कॅडीतल्या जुन्या डिस्कमधून टक्… टक्… असा आवाज यायला लागला, आणि संध्याकाळपर्यंत ती दिसायचीच बंद झाली. त्यात माझ्याकडच्या लोकांची कागदपत्रं स्कॅन करून ठेवली होती. दुसरी कॉपी होती म्हणून निभावलं, पण ती रात्र मी विसरले नाही. तुमची डिस्क अकरा वर्षं फिरतेय. तिच्यात व्यापाऱ्यांची बिलं, बँक स्टेटमेंट, सगळं आहे. ती परत त्याच मशीनमध्ये, त्याच बॅगेत ठेवली तर लॅपटॉप पडला किंवा चोरीला गेला की मूळ आणि कॉपी दोन्ही एकदम जाणार, त्याला बॅकअप म्हणता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. २५६ आणि कॅडीच्या ऐवजी ५०० जीबीची एसएसडी मूळ जागी बसवा, तुमच्याच दुकानात तिचे ४,६०० सांगितलेत. जुनी डिस्क काढून साडेतीनशेच्या यूएसबी केसिंगमध्ये घाला आणि कपाटात ठेवा, आठवड्यातून एकदा बॅकअपला लावायची. रॅम १,२००, मजुरी ५००. एकूण ६,६५०. दुकानदाराच्या हिशोबापेक्षा १,८५० जास्त, पण डीव्हीडी ड्राइव्ह पण जागेवर राहते, जुन्या सीडी वाचायला होईल. अगदीच हात आखडता असेल तर कॅडीचा रस्ता चुकीचा नाही, पण मग आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर टाकून डिस्कची तब्येत बघा, "गुड" दाखवत असेल तरच, आणि चालू वर्षाचा सगळा डेटा एसएसडीवर, डिस्कवर फक्त जुनी वर्षं.

या ६,६५० मधलं पाण्यात काय जातं ते पण बघा. रॅम जुन्या पद्धतीची आहे, पुढच्या लॅपटॉपला लागणार नाही, ती गेली. मजुरी गेली. पण एसएसडी तुमचीच राहते, उद्या नवा लॅपटॉप घेतला की हीच केसिंगमध्ये घालून बाहेरची डिस्क होते. म्हणजे बुडीत खर्च जेमतेम १,७०० चा. बिल मात्र पक्कं घ्या, त्यावर एसएसडीचा सिरीयल नंबर टाकून घ्या, नामांकित कंपनीच्या एसएसडीला तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असते आणि ती बिलाशिवाय भांडूनही मिळत नाही.

आता विंडोज. तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, इंटेलमध्ये आठव्या पिढीपासून पुढे लागतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे जाहीर झालेत, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्याचे पैसे पडत नाहीत, ते आजच चालू करा. त्यानंतर मात्र दुसऱ्यांचे बँक तपशील आणि डिजिटल सहीचा टोकन ज्या मशीनला लावता ते मशीन अपडेटविना वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणजे हा अपग्रेड पाच वर्षांसाठी नाही, दिवाळीपर्यंतचा पूल आहे.

आणि दिवाळीला तुमचा भिशीचा नंबर आहे! २४ हजार. हप्ता ४,३३३ चा परवडेल असं तुम्हीच म्हणताय, तर त्यातले फक्त २,५०० दर महिन्याला बाजूला टाका, आता मार्च चालू आहे, ऑक्टोबरपर्यंत आठ महिन्यांचे २० हजार होतात. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, ती इथे नको. बँकेत सहा-नऊ महिन्यांची मिळाली तर घ्या, नाहीतर वेगळं बचत खातं, ज्याचं एटीएम कार्ड पर्समध्ये नसेल. भिशी आणि हे मिळून ४४ हजार रोख, एफडी जशीच्या तशी, हप्ता शून्य. त्यात चांगला नवा येतो का ते तेव्हाच्या भावावर. २०२५ च्या शेवटापासून मेमरीचे भाव चढलेत, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करायचं जाहीर केलं, त्यामुळे "थांबलात तर महाग होईल" असं दुकानदार म्हणतो त्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पण दोन-तीन हजारांनी महाग झाला तरी रोखीच्या सवलतीत आणि वाचलेल्या ईएमआयच्या खर्चात ते बरंचसं भरून निघतं. आणि नवाच हवा असं काही नाही. कंपन्यांमधून निघालेले आठव्या पिढीचे आय-फाइव्ह रिफर्बिश्ड लॅपटॉप विंडोज ११ ला चालतात, तुमच्या टॅलीच्या कामाला ते भरपूर आहेत, फक्त विकणारा सहा महिन्यांची तरी वॉरंटी लेखी देणारा बघा आणि बॅटरी समोर तपासा. जुना मग लेकीला अभ्यासाला, त्यावर बँकेचं काही करायचं नाही एवढी अट.

एका परिस्थितीत मी हे सगळं उलटं सांगेन. लॅपटॉपचा बिजागर तुटलेला असेल, चार्जिंग पिन हलत असेल किंवा मशीन मधेच आपोआप बंद पडत असेल तर ६,६५० पण घालू नका, कारण मदरबोर्डला काही झालं की सगळंच अडकतं. तसं काही असेल तर आत्ताच रिफर्बिश्ड बघा.

काम करायचं ते २० तारखेचं जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरून झाल्यावर, २१ ते पुढच्या महिन्याची १० या मधल्या दिवसांत, जीएसटीआर-वनची (विक्रीच्या रिटर्नची) ११ तारीख अंगावर असताना लॅपटॉप उघडू नका. ३१ मार्चची धावपळ असेल तर सरळ एप्रिलची २१ धरा, महिना इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही. उघडायच्या आधी चालू वर्षाचा टॅली डेटा पेन ड्राइव्हवर घेऊन तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतोय का ते बघा, नुसता कॉपी झाला म्हणून सोडू नका. डिस्कचं क्लोनिंग, म्हणजे एसएसडीवर तिची हुबेहूब नक्कल, करून द्या असं सांगा, म्हणजे टोकनचे ड्रायव्हर परत टाकावे लागत नाहीत. टॅलीचं लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असतं, ते आधी सरेंडर करून मग परत अ‍ॅक्टिव्हेट करावं लागेल का हे तुमच्या टॅलीवाल्याला फोन करून विचारा. क्लोनिंगला वेळ लागतो, रात्रभर दुकानात ठेवावा लागला तर जुनी डिस्क दुसऱ्या दिवशी मोजून परत घ्या, "राहू दे इथेच" म्हणू नका, तिच्यावर दुसऱ्यांची कागदपत्रं आहेत.

आणि भिशीवाल्या काकूंना याच महिन्यात विचारून ठेवा की तुमचा नंबर दिवाळीतच आहे ना, कुणाच्या घरी लग्न निघालं की नंबर पुढे-मागे होतात, आणि तुमचा पुढे ढकलला गेला तर मला कळवा, महिन्याचे २,५०० चे किती करायचे ते आपण परत बसून बघू.