ग्रुपवर नको, घरी जा

अगं ए पोरी,

तुझा मेसेज वाचला. फॅमिली ग्रुपवर टाकलेला तो लांबलचक, चार लिंका आणि शेवटी हात जोडलेला इमोजी, "प्लीज सगळ्यांनी प्रायमरीत माझ्या कँडिडेटला सपोर्ट करा". ४३ जणांच्या ग्रुपात तीन अंगठे आले, एक गणपतीचं गुड मॉर्निंग आलं आणि डोंबिवलीच्या आत्याने "अभिनंदन बाळा, यशस्वी हो" लिहिलं, तिला वाटलं तूच उभी राहिलीयेस. आता तू रुसून बसलीयेस असं तुझी आई म्हणाली, कोणाला कशाचं काही पडलेलं नाही वगैरे. पडलेलं असतं गं. पण तू विचारलंस कोणाला?

आधी ते ४३ जण मोज. निम्मे पुण्या-सांगलीत. इथे अमेरिकेत आहेत त्यांच्यात कोणी एच-वन व्हिसावर, कोणी ग्रीन कार्डावर, त्यांना मत नाही. सिटिझन उरले नऊ किंवा दहा. बास, तेवढेच तुझे. आणि नऊ कमी नाहीत बरं का, २०१६ ला आयोवा राज्यात डेमोक्रॅटिक पार्टीच्या क्लिंटन आणि सँडर्स यांच्यात फरक किती होता, तर पाव टक्का.

त्या नवांनाही प्रायमरी म्हणजे काय, की पार्टीचा उमेदवार लोकच मत देऊन निवडतात, हे धड माहीत नाही, हे लक्षात घे. तुझ्या बाबांच्या डोक्यात अजून "तिकीट" आहे, आणि तिकीट दिल्लीहून ठरतं. २०१४ ला काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेऊन बघितली होती, आपल्याकडे लातूर आणि वर्ध्यात, पण मतं फक्त पदाधिकाऱ्यांची, आणि लोकसभेला दोन्ही जागा गेल्या, मग विषय संपला. तेव्हा बाबांना एवढंच सांग की इथे तिकीटवाटप तुमच्या हातात आहे. बघ कसे कान टवकारतात.

आता माझी गोष्ट ऐक, तुला अर्धीच माहितीये. २००८, जानेवारीची ३ तारीख, आम्ही तेव्हा आयोवात. मी नुकताच सिटिझन झालेलो, पहिलंच कॉकस, म्हणजे प्रायमरीसारखंच, पण सभा भरवून. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत शाळेचं कॅफेटेरिया, पोरांची ती बुटकी टेबलं, आणि संध्याकाळी ७ ला दारं बंद करून दोनशेवर माणसं कोपऱ्या-कोपऱ्यात उभी. चिठ्ठी नाही, बटण नाही, ज्याचा कँडिडेट त्याच्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत जाऊन उभं राहायचं. मी बायडनच्या कोपऱ्यात. हसू नकोस, आम्ही ११ जण होतो. १५ टक्के नसले की तो कोपरा बाद, म्हणजे तीसेक माणसं हवी होती. मग अर्धा तास देतात, दुसरीकडे जा नाहीतर घरी जा, आणि त्या अर्ध्या तासात सगळे कोपरे तुमच्यावर तुटून पडतात.

पहिला आला एक कॉलेजचा पोरगा, तुझ्याच वयाचा, हातात कागद, हेल्थ प्लॅनचे सात मुद्दे धडाधड म्हणून दाखवले आणि वर बायडन कसा निवडून येऊच शकत नाही ते पण ऐकवलं. खरंच होतं, बायडनने त्याच रात्री माघार घेतली. पण मी जागचा हललो नाही, उलट जास्तच घट्ट उभा राहिलो. आपल्या माणसाला नावं ठेवली की होतं तसं.

मग आला आमचा शेजारी. रिटायर्ड माणूस, बर्फ पडला की स्वतःचा ड्राइव्हवे झाला की न विचारता आमचाही साफ करायचा. येऊन नुसता शेजारी उभा राहिला. म्हणाला, तुझी आई कशीये? आई तेव्हा व्हिजिटर व्हिसावर आलेली, पडली होती, आणि एका हॉस्पिटलचं बिल इन्शुरन्सने अर्धं नाकारलेलं. मी सांगत बसलो. त्याने सगळं ऐकलं, मध्ये एकदाही बोलला नाही. मग म्हणाला, माझ्या बायकोच्या वेळी आमच्या घरावर कर्ज झालं, म्हणून मी त्या कोपऱ्यात उभा आहे, चल. मी गेलो. कुठला कोपरा ते सांगत नाही, तुझा प्रचार फुकटात व्हायचा. (डेमोक्रॅट्सनी ती कोपऱ्यांची पद्धत आता मोडीत काढलीये. मला वाईट वाटलं. पण आजारी माणसाने, रात्रपाळीवाल्याने यायचं कसं, हेही खरंच.)

सातही मुद्दे माझ्या लक्षात नाहीत. घरावरचं कर्ज लक्षात आहे. तर तुझं कर्ज कुठलं ते आधी शोध. तू ह्या माणसामागे का लागलीस? कॉलेजच्या फीमुळे, नोकरीमुळे, त्या रात्री कॅम्पसवर जे झालं त्यामुळे? ग्रुपवरच्या मेसेजमध्ये त्यातलं एक अक्षर नव्हतं, सगळं वेबसाइटवरचं.

आणि हे फक्त आपल्यासारख्यांचं नाही. २०२० ला बायडन आयोवात चौथा, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवा, लोकांनी इतिहासजमा करून टाकलेला. साउथ कॅरोलिनाचे खासदार क्लायबर्न एका अंत्यविधीला चर्चमध्ये गेले होते, तिथे एका म्हाताऱ्या बाईने त्यांना जवळ बोलावलं आणि विचारलं, तुम्ही कोणाला मत देणार, चारचौघात नसेल सांगायचं तर माझ्या कानात सांगा. त्यांनी सांगितलं. मग ती म्हणाली, हे सगळ्यांना कळायला पाहिजे. हा किस्सा त्यांनी स्वतःच सांगितलाय. त्यानंतर ते जाहीरपणे बायडनमागे उभे राहिले, तीन दिवसांनी मतदान, बायडन ४८ टक्क्यांवर, आणि पुढचं तुला ठाऊक आहे.

आता थोडं कोरडं. आपल्या न्यू जर्सीत ज्यांनी पार्टी नोंदवलेली नाही ते त्या दिवशी जाऊन पार्टी सांगून मत देऊ शकतात, पण दुसऱ्या पार्टीत नाव असेल तर ५५ दिवस आधी बदलावं लागतं. न्यूयॉर्कच्या मामाला आजच फोन कर, तिकडे नियम कडक, २०१६ ला एप्रिलच्या प्रायमरीसाठी पार्टी बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरातच संपली होती, आणि ट्रम्पच्या इवांका आणि एरिकला सख्ख्या बापाला मत देता आलं नव्हतं. डॅलसच्या दादाला काही नाही, टेक्ससमध्ये पार्टी नोंदवतच नाहीत. त्याला आधी गाठ खरं तर, त्यांचं मार्चमध्ये असतं, आपलं जूनमध्ये, तोवर बहुतेक वेळा लग्न लागून वरात पण गेलेली असते.

मावशी ५१ डॉलर देते म्हणाली ना? घेऊ नकोस. ती एच-वनवर आहे, कायद्याने देता येत नाहीत, आणि तिचे पैसे तुझ्या कार्डावरून भरायचे हा शहाणपणा तर अजिबात नको. ग्रीन कार्डवाले पैसे देऊ शकतात, मत नाही. आजीच्या हातात चुकूनही रजिस्ट्रेशनचा फॉर्म देऊ नकोस, त्यात सिटिझनशिपवर सही असते, भलतंच निस्तरावं लागेल.

बाबा "नाव लागेल" म्हणून घाबरतात, तर त्यांना खोटं सांगू नकोस. कोणाला मत दिलं ते कोणालाच कळत नाही, पण कुठल्या पार्टीच्या प्रायमरीत गेलात ते रेकॉर्डवर राहतं आणि ते लोकांना बघता येतं. हे ऐकून नाही म्हणाले तर नाही, जेवायला बसा.

आणि भाऊ. तो दुसऱ्या कँडिडेटचा आहे, माहितीये मला, दिवाळीला ताटावरच जुंपली होती तुमची. पार्टी एकच आहे ना दोघांची? मग नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत तुला त्याचीच गाडी लागणार आहे लोकांना बूथवर न्यायला. त्याच्या माणसाबद्दल एक चांगलं वाक्य शोधून ठेव. एक तरी सापडेल.

तर नवांची नावं कागदावर लिही, आठवड्याला दोन जणांकडे जा, लांबच्यांना फोन, आणि उठताना "सपोर्ट कर" म्हणू नकोस, "अमुक तारखेला मी न्यायला येऊ का" असं विचार.

त्या नवांत मी पण आहे हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. मी अजून ठरवलेलं नाही, खरंच. शनिवारी काकू मंडळाच्या मीटिंगला जाणारे, दुपारी मी घरी एकटाच. ये. लिंका आणू नकोस. आणि गाडी मागच्या वेळसारखी शेजाऱ्यांच्या मेलबॉक्ससमोर लावू नकोस, पोस्टवाला टपाल न टाकताच जातो.

काका