महिन्याला हजार किलोमीटर चालणारी मोठी फॅमिली सेडान: पेट्रोल घ्यावी की डिझेल?

तुम्ही लिहिलंय की घरात आई-वडील धरून पाच माणसं, महिन्याला हजार किलोमीटर, सेकंडहँड पण ऐसपैस सेडान हवी आणि डीलर दीड लाख जास्त घेऊन डिझेल गळ्यात मारतोय. हजार किलोमीटर कसे होतात ते मात्र लिहिलं नाही. सगळा घोळ तिथंच आहे. २०२० च्या दसऱ्याला मीसुद्धा हाच आकडा सगळ्यांना सांगत फिरत होतो आणि त्याचे तीन वर्षं पैसे भरले.

महिन्याचे किलोमीटर सोडा. एका खेपेचे किती ते सांगा.

माझं घर कोल्हापुरात राजारामपुरीत, वर्कशॉप उद्यमनगरात. अंतर दोन किलोमीटरसुद्धा नाही. सकाळी जाणं, दुपारी जेवायला येणं, परत जाणं, रात्री घरी. मध्ये मुलींना नागाळा पार्कातल्या शाळेतून आणायचं. महिन्यातून एखादी पुणे खेप, वर्षातून दोनदा कोकण. बेरीज केली की आकडा दिसायला बरा दिसतो, पण त्यातल्या बहुतेक खेपा इंजिन तापायच्या आत संपणाऱ्या.

हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं होतं. आबांनी चाळीस वर्षं उद्यमनगरात ऑइल इंजिनं उघडली आणि जोडली. शिरोळ-करवीरच्या विहिरींवरची कितीतरी इंजिनं त्यांच्या हाताखालून गेली. डिझेलवर त्यांच्याइतकी माया असलेला माणूस मी पाहिला नाही. आणि तेच म्हणाले, "पेट्रोल घे. डिझेलचं इंजन म्हणजे औताचा बैल हाय. दिवसभर जुपलास तर ठणठणीत. दावणीला बांधून घटकाभर सोडलास तर बिघडतंय."

मी त्यांचं ऐकलं नाही. दाजींचं ऐकलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गुळाचा व्यापार, आठवड्याला पुणे, महिन्यातून दोनदा मुंबई, वर्षाला चाळीस हजार किलोमीटर. त्यांची डिझेल इनोव्हा अडीच लाख किलोमीटरच्या पुढं गेली तरी खणखणीत होती. घरच्या जेवणाला बसलो होतो, पांढरा रस्सा वाढता वाढता सगळ्यांसमोर म्हणाले, "पेट्रोलची गाडी पाहुण्यांना दाखवायला असते. एवढे पैसे घालताय तर डिझेल घ्या, दणका बघा." टेबलावर कोणी काही बोललं नाही. आबाही नाही. दुसऱ्या आठवड्यात मी डिझेलचं बुकिंग केलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण गाडीत दोष नव्हता. दोष माझ्या वापरात होता. गाडी बीएस ६ होती, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमाची. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ आलं आणि त्यासोबत डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर बसला. अडवलेली काजळी तिथंच जाळावी लागते, आणि ती नीट जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात. हायवेला लांब पळणाऱ्या गाडीत बरीचशी काजळी जाता जाता जळते. बाकीच्यांत कॉम्प्युटर सिलिंडरमध्ये उशिरानं जादा डिझेल सोडून धूर तापवतो. या कामाला सलग दहा-वीस मिनिटं गाडी चालती लागते. राजारामपुरी ते उद्यमनगर सात मिनिटं. म्हणजे माझ्या गाडीनं रोज जाळायला सुरुवात करायची आणि मी रोज चावी बंद करायची.

पहिलं वर्ष काही कळलं नाही. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा आला. सर्व्हिस सेंटरचा मुलगा म्हणाला, हायवेला जरा पळवून आणा, जाईल. पळवली, गेला. तीन आठवड्यांनी परत आला. तेव्हापासून आमचे रविवार सुरू झाले. सकाळी चहा झाला की मी आणि आबा गाडी काढायचो, तावडे हॉटेलच्या चौकातून हायवेला लागायचं, किणीचा टोलनाका यायच्या आधी वळून परत. पंचेचाळीस किलोमीटर. कुठं जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही, नुसती काजळी जाळायची. पुढं कागल-सातारा सहापदरीकरणाचं काम निघालं, जागोजागी डायव्हर्जन, सलग वेगच मिळेना. आबा शेजारी बसून काट्याकडं बघत असायचे. एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

एका रविवारी घरी आल्यावर त्यांनी मला बॉनेट उघडायला लावलं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर. मी म्हटलं, चांगलंच आहे की, भरलेलं आहे. त्यांनी दोन बोटांत ऑइल चोळलं, नाकाशी नेलं आणि माझ्यापुढं धरलं. "वास घे. डिझेल आलंय ह्यात." अर्धवट सुटलेल्या प्रत्येक जाळणीतलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळत होतं. पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणि क्रँकच्या बेअरिंगला कितपत सांभाळणार? कॉम्प्युटर लावून बघणाऱ्या सर्व्हिस सेंटरला हे दोनदा दिसलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला वासावरून कळलं.

आणि शेवटी मिरज. आबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख होती, सकाळी नऊची वेळ. हातकणंगले सोडलं आणि दिवा लुकलुकायला लागला, इंजिनची ताकद गेली. गाडी स्वतःला वाचवायला असं करते, पण आत बसलेल्या माणसाला ते कळत नाही. मागून उसाचे ट्रॅक्टर हॉर्न मारतायत आणि मी वेगच घेऊ शकत नाही. जयसिंगपूर, कृष्णेचा पूल, अंकली, सगळं तसंच रडतखडत. सव्वा तासाच्या वाटेला कितीतरी जास्त वेळ लागला. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. आई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली, आणि तिला मी सांगू शकलो नाही की हे सगळं एका जेवणात मोठेपणा मिरवायला घेतलेल्या गाडीमुळं झालंय.

मी पंपाच्या पावत्या वहीत चिकटवतो, त्यामुळं हिशोब तोंडी नाही. शहरात डिझेलनं लिटरला पावणेबारा किलोमीटर दिले, आताची पेट्रोल नऊ देते. शहरातले वर्षाला आठ हजार किलोमीटर, म्हणजे तीन वर्षांत इंधनात नव्वद हजारांच्या आसपास वाचले. हे मान्य. डिझेलच्या लिटरमध्ये मुळातच ऊर्जा जास्त असते आणि इंजिनही काटकसरी. आता खर्च: दोन वर्षांच्या रविवारच्या फेऱ्यांचं डिझेल चोवीस हजार. सर्व्हिस सेंटरमध्ये मशीन लावून दोनदा जबरदस्तीनं फिल्टर साफ करणं, वेळेआधी बदललेलं ऑइल, एक सेन्सर, मिळून एकाहत्तर हजार. गाडी घेतानाच पेट्रोलपेक्षा दोन लाख जास्त दिले होते ते वेगळे. फिल्टर बदलायचाच म्हटलं तर दीड लाखाच्या वर सांगितलं होतं, त्याआधी विकली.

दाजींची पिढी ज्या हिशोबावर वाढली तो हिशोबच आता राहिलेला नाही. २०१२ मध्ये दोन्ही इंधनांत लिटरमागे तीसेक रुपयांचा फरक होता, तेव्हा डोळे झाकून डिझेल घेणारा शहाणा होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले आणि फरक आटत गेला. हल्ली आपल्याकडं बारा-तेरा रुपयांच्या आसपास असतो. नवी गाडी घेताना महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोलला १२ टक्के रोड टॅक्स, डिझेलला १४. कंपन्यांनीही हिशोब केलाच की. मारुतीनं २०२० मध्ये डिझेल बंद केलं, स्कोडा-फोक्सवॅगननंही त्याच वेळी, आणि २०२३ मध्ये होंडा सिटी आणि व्हर्नाचं डिझेल गेलं. आज नवीन डिझेल सेडान हवी तर मर्सिडीज-बीएमडब्ल्यूच्या शोरूममध्ये जावं लागतं. म्हणूनच तुमचा डीलर सेकंडहँड डिझेल दुर्मिळ म्हणून खपवतोय.

दणकटपणाचं म्हणाल तर आबांच्या हातातलं इंजिन दणकट होतं कारण त्यात बिघडायला काही नव्हतं. आजच्या डिझेलमध्ये दोन हजार बारच्या आसपास दाबानं डिझेल फवारणारे इंजेक्टर, टर्बो, थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी ईजीआर, डीपीएफ, काहींत धूर साफ करायला युरियाची वेगळी टाकी. पाण्याचा अंश असलेलं डिझेल एकदा गेलं तर इंजेक्टरचं बिल बघून डोळे पांढरे होतील.

घाटाचं दाजी अजून बोलतात. गगनबावड्याला, आंबोलीला पेट्रोल दम टाकते म्हणे. बिनटर्बोच्या पेट्रोलचा काळ होता तेव्हा खरं होतं. टर्बो पेट्रोलचं तसं नाही. स्कोडाच्या सुपर्बचीच दोन इंजिनं बघा: जुनं २.० टीडीआय डिझेल १७७ पीएस (ताकद) आणि ३५० एनएम (ओढ), नंतरचं २.० टीएसआय पेट्रोल १९० पीएस आणि ३२० एनएम. तीस एनएमचा फरक पाच माणसं बसल्यावर तुमच्या आईला कळणार आहे का? तिला कळेल ते सिग्नलला गाडी थांबल्यावर सीटमधून येणारं थरथरणं. माझी आई आता पेट्रोलमध्ये मागं बसली की पंचगंगेच्या पुलापर्यंत झोपते. डिझेलमध्ये ती कधी झोपली नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. तुमचे हजार किलोमीटर पुण्याच्या चार-दोन खेपांत होत असतील, गाडी एकदा काढली की तासभर थांबत नसेल, तर डिझेल घ्या आणि माझं हे सगळं विसरा. दाजींची इनोव्हा त्यांच्यासाठी बरोबरच होती. तुम्हाला दाखवतायत ती गाडी बीएस ४ असेल तर तिच्यात बहुधा डीपीएफ नसेल, मग माझी ही रड तिला लागू नाही, पण तिचं वय आणि पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन मोजा. पेट्रोलचंही एक दुखणं आहे. पंपावर आता ई२० येतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. आपल्याच कारखान्यांच्या उसाचं इथेनॉल आहे म्हणून अभिमान वाटतो, पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, त्यामुळं मायलेज थोडं पडतं. एप्रिल २०२३ च्या आधीची पेट्रोल घेत असाल तर ती ई२० ला चालते का ते मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणावर बघून घ्या. टर्बो पेट्रोल घाटात आणि जोरात चालवली तर पितेही भरपूर. शहरातच जास्त फिरणार आणि बजेट ताणता येत असेल तर होंडा सिटीची हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली) एकदा चालवून बघा. आखूड खेपांना मला तरी तीच सगळ्यात शहाणी वाटते.

कुठलीही बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिनवर डिपस्टिक स्वतः काढा. डिझेल असेल आणि ऑइल वरच्या खुणेच्या वर दिसलं तर बोटावर घ्या, वास घ्या. डिझेलचा वास आला तर दीड लाख कमी केले तरी घेऊ नका, ती गाडी कुणाच्या तरी राजारामपुरी-उद्यमनगरवरून आलेली आहे.

ताई हे दाजींना पाठवणारच, म्हणून इथंच लिहितो. दाजी, मागच्या दिवाळीला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात की गाडीला नाव ठेवू नका, पाव्हण्यांना डिझेल चालवता आली नाही. मी ती गाडी नीटच चालवली. पन्नास पन्नास रविवार तिच्यासाठी दिले. वही कपाटात आहे, पावत्या लावलेल्या. या दिवाळीला आलात की आबांच्या समोर बसून दोघं मिळून बघू.