शब्दयादीचा प्रयोग करताना

सप्रेम आशीर्वाद.

यादीतल्या कोणत्या जागेवरचे शब्द जास्त आठवतात, हे पाहण्याच्या मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी तू केलेली शब्दयादी वाचली. बांगडा, तारली, सुंगटं (कोळंबी) आणि तिसऱ्या (शिंपल्या) एकापाठोपाठ आल्यात, त्या आधी काढ. गोव्यात वाढलेला कुणीही ही सगळी मासळी एकत्र बांधून ठेवील आणि यादीत नसलेलं इसवणही (सुरमई) खात्रीने लिहील. छत्री, खिळा, पायरी, लिंबू असे एकमेकांशी संबंध नसलेले 15 शब्द घे. गुणांचा नियमही आधीच ठरव. फोंड्याच्या मुलाने ‘कांदा’ ऐकून कोंकणीतलं ‘कांदो’ लिहिलं, तर ते बरोबरच.

दर शब्दाला 2 सेकंद. शेवटच्या शब्दावर आपला आवाज नकळत खाली येतो आणि ऐकणाऱ्याला शेवट कळतो, म्हणून सपाट आवाजात आधीच ध्वनिमुद्रण करून ठेव. तेच शब्द तीन वेगळ्या क्रमांनी लाव, म्हणजे सोपा शब्द आणि सोयीची जागा यांची गल्लत होणार नाही. पत्र्यावर पाऊस कोसळत असेल त्या दिवशी प्रयोग नकोच.

खरा घोळ होतो तो यादी संपल्यावर. ‘हं, लिहा आता’ असं अजिबात म्हणू नकोस. ऐकलेल्या यादीतले शेवटचे एक-दोन शब्द काही क्षण आवाजाच्या रूपात टिकतात. म्हणूनच मनात वाचलेल्या यादीपेक्षा ऐकलेल्या यादीचा शेवट चांगला आठवतो. त्यावर माणसाचा आणखी एक शब्द पडला की तो फायदा बराचसा जातो, मग तो शब्द यादीतला नसला तरी. क्राउडर आणि मॉर्टन या मानसशास्त्रज्ञांनी हे 1969 मध्ये मांडलं. खूण म्हणून टेबलावर टकटक कर. तुलनेसाठी शब्द ऐकवण्याऐवजी लिहून दाखवशील तेव्हा मुलांना पुटपुटू देऊ नकोस, नाहीतर ऐकणं आणि पाहणं यातला फरकच उरणार नाही.

निम्म्या मुलांना लगेच लिहू दे. उरलेल्यांकडून आधी 30 सेकंद 287 पासून तीन-तीन वजा करत मोठ्याने मोजून घे. साधं एक, दोन, तीन नको. त्या सवयीच्या मोजणीआडून शब्द मनात घोळवणं चालू राहू शकतं. ग्लान्झर आणि क्युनिट्झ यांच्या 1966 च्या प्रयोगात एवढ्या वेळात शेवटच्या शब्दांचा फायदा नाहीसा झाला, सुरुवातीचा मात्र राहिला. सुरुवातीचे शब्द मनात जास्त वेळा घोळलेले असतात.

निकालात नुसती सरासरी देऊ नकोस. ‘सरासरी 7 शब्द’ यातून काहीच कळत नाही. पहिल्या जागेवरचा शब्द किती जणांना आठवला, दुसऱ्या जागेवरचा किती, असे 15 आकडे काढून दोन्ही गटांचा आलेख एकाच कागदावर काढ.

नवी यादी तिन्ही क्रमांसह पाठव. वर्गात जाण्याआधी तपासून देईन.