अल्बर्ग 30 घ्यावी की कॅटलिना 30?

तुमचा प्रश्न असा की अमेरिकेत ॲनापोलिसजवळ 1974 ची अल्बर्ग 30 आणि 1982 ची कॅटलिना 30 या दोन शिडाच्या बोटी जवळपास एकाच किमतीला मिळतायत, सध्या शनिवार-रविवार तिथल्या चेसापीक बे या खाडीत फिरायचंय, पुढेमागे बहामाला जायचंय, तर कोणती घ्यावी.

अल्बर्ग घ्या. माझ्याकडे अकरा वर्षं 1971 ची अल्बर्ग आहे, साडूभाऊंकडे जवळपास तेवढीच वर्षं कॅटलिना, आणि हा वाद आमच्याकडे दर गणपतीला मोदकांबरोबर पानात वाढला जातो.

दोन्ही तीस फुटी, म्हणून लोक त्यांना एका मापात तोलतात. पण अल्बर्गची रुंदी 8 फूट 9 इंच आणि कॅटलिनाची 10 फूट 10 इंच. कॅटलिनात पाऊल ठेवलं की दिवाणखान्यात आल्यासारखं वाटतं, सहा फुटी माणूस ताठ उभा राहतो, घरची मंडळी तिथल्या तिथे हो म्हणतात. अल्बर्गमध्ये दोघं समोरासमोर आली तर एकाला बाकावर बसून वाट द्यावी लागते. साडूभाऊ तिला बोगदा म्हणतात. म्हणोत. कार्ल अल्बर्ग यांनी ही बोट आखली ती समुद्रासाठी. पूर्ण लांबीची कील (बुडाखालचा जड कणा), सुकाणू तिलाच मागे जोडलेलं, 9,000 पौंडांतलं 3,300 पौंड लोखंड कीलच्या पोटात बंद. कॅटलिनाची कील खालून बोल्टांनी लावलेली आणि सुकाणू मागे एकटं लोंबतं.

काही वर्षांपूर्वी जुलैत आई आली होती. ती कोकणातल्या हर्णैची, तिचे वडील तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचे प्रमुख. खाडीपलीकडच्या सेंट मायकल्सहून आमच्या दोन्ही बोटी बरोबर परतत होत्या. ब्लडी पॉइंटला वळसा घालून बे ओलांडायला लागलो आणि पश्चिमेकडून वादळ आलं. इथली उन्हाळी वादळं ज्याने बघितलीत त्याला वर्णन करून सांगायला नको. बेची सरासरी खोली जेमतेम 21 फूट, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या, एकीतून सावरेपर्यंत दुसरी अंगावर. थॉमस पॉइंटचं दीपगृह समोर दिसत होतं, ते पावसात पुसलं गेलं. माझी बोट कलली, काठ पाण्याला टेकला आणि तिथेच थांबली. टिलर (सुकाणूचा दांडा) दोन्ही हातांनी धरावा लागला, पण ती माझं ऐकत होती. आई केबिनमध्ये होती, दोन्ही हात दोन बाजूंना टेकून उभी. बोगद्याचा उपयोग तो.

कॅटलिना आमच्या डावीकडे होती. मोठा झोत आला की ती आडवी व्हायची, सुकाणूची पकड सुटायची आणि बोट आपणहून वाऱ्याच्या तोंडावर वळायची. असं तीनदा झालं. जेनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड, फडफडून फाटलं. मेव्हणी केबिनमध्ये होती. त्या ऐसपैस जागेत हाताशी धरायला काही नाही. ती या टोकाकडून त्या टोकाला घसरत गेली आणि मनगट मुरगळून बसली.

रुंद बोट हलक्या वाऱ्यात कलत नाही, म्हणून माणसाला ती भक्कम वाटते. अरुंद बोट लगेच वीस अंश कलते, नवखा घाबरतो, पण तिथून पुढे कीलचं वजन तिला धरून ठेवतं. इव्ह जेलिना 1981 ते 1983 या काळात अल्बर्ग 30 मधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. पॅसिफिकमध्ये डोलकाठी मोडली, ती त्यांनी स्वतः पुन्हा उभी केली. हे सांगितलं की साडूभाऊ म्हणतात, आपल्याला कुठे पृथ्वीप्रदक्षिणा करायचीय! करायची नाही. पण चाळीस नॉटचा (ताशी सुमारे 74 किलोमीटरचा) वारा तुम्ही कुठे निघालात हे विचारून येत नाही.

आता तपासणीचं. डेक (बोटीचा वरचा पृष्ठभाग) आतून कुजलाय का ते ठोकून बघणं वगैरे तुम्हाला माहीतच असेल. अल्बर्गमध्ये डोलकाठी डेकवर उभी असते आणि तिच्याखाली तुळई. ती खचते. माझी खचली होती आणि मी पैसे देऊन आणलेल्या सर्व्हेअरने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. टॉयलेटचं दार अडकायला लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. एक अख्खा हिवाळा त्यात गेला. म्हणून ते दार आधी उघडबंद करून बघा. कॅटलिनात डोलकाठीखालच्या खांबाला बिल्जमध्ये (बोटीच्या तळात) लाकडी ठोकळ्याचा आधार असतो, तो पाण्याने कुजतो. कीलच्या पुढच्या सांध्याला हसऱ्या ओठांसारखी भेग दिसली तर बोल्टांची चौकशी करा. दोन्हींपैकी कुठल्याही बोटीत जुनं ॲटॉमिक 4 असेल तर ते पेट्रोलचं इंजिन आहे. ब्लोअर (पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.

बहामाच्या उथळ पाण्यासाठी अल्बर्गला सव्वाचार फूट पाणी पुरतं, कॅटलिनाच्या नेहमीच्या कीलला सव्वापाच लागतं. मात्र अल्बर्ग रिव्हर्समध्ये कुठे जाईल हे अकरा वर्षांनंतरही मी खात्रीने सांगू शकत नाही. अरुंद धक्क्यावर जागा घेतली असेल तर याचा विचार करा. आणि कॅटलिना सहा हजारांहून जास्त बनल्या, तिचे सुटे भाग सहज मिळतात.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर साडूभाऊ हे वाचून फोन करतील. त्या दिवशी वादळाआधी अर्धा तास मी मेनसेल (मुख्य शीड) दोन रीफवर आणली होती, म्हणजे दोन टप्प्यांनी आखडली होती, आणि जेनोआ गुंडाळलं होतं. त्यांनी पूर्ण शीड ठेवलं होतं. मी काही फार हुशार नाही. ऊन पडलं होतं तेव्हाच आईने पश्चिमेकडे बघून म्हटलं होतं, "शीड कमी कर बाबा, हा वारा बरा नाही." साडूभाऊंचं म्हणणं, आई त्यांच्या बोटीवर असती तर जेनोआ शाबूत राहिलं असतं. राहिलं असतं, हे मी मान्य करतो. पण मेव्हणीचं मनगट शिडामुळे मुरगळलं नाही, त्या दिवाणखान्यामुळे मुरगळलं. ती स्वतः हेच सांगते, आणि गेली दोन वर्षं ती माझ्या बोटीवरून येते.