पंप खोलण्याआधी तेल बघा

प्रश्न: वाळूज एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये मी मेंटेनन्स पाहतो. मिनिटाला 40 लिटर देणाऱ्या पिस्टन पंपाचं मॉडेल सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये तयार केलं. पंपापासून सिलिंडरपर्यंत 1 लिटर तेल धरलं. मॉडेलमध्ये 140 बार दाब 15 मिलिसेकंदांत चढतो, सेन्सरवर मात्र 30 लागतात. पंप झिजला असेल का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: पंप लगेच खोलू नका. जालन्याच्या स्टील मिलांत मी विनाकारण खोललेले पंप फार पाहिलेत.

तुमच्या मॉडेलचं समीकरण बरोबर आहे. बल्क मॉड्युलस, म्हणजे तेल दबायला किती विरोध करतं त्याचं माप, तुम्ही 14,000 बार धरलेला दिसतो, पण तो निव्वळ तेलाचा. असं तेल 140 बारला 1 टक्का दबतं, म्हणजे लिटरमागे 10 मिलिलिटर तेल जादा भरावं लागतं. त्याचे 15 मिलिसेकंद. आता त्याच तेलात, साध्या वातावरणीय दाबाला, 1 टक्का हवेचे बुडबुडे आहेत असं धरा. दाब चढला की ते जवळजवळ नाहीसे होतात आणि त्यांची 10 मिलिलिटर जागाही पंपालाच भरावी लागते. झाले 30.

मॉड्युलस 7,000 करून वेळ जुळवण्याचा मोह होईल, तो टाळा. वेळ जुळेल, पण आलेखाचा आकार चुकेल. हवा असेल तर 10 बारला मॉड्युलस 5,800च्या आसपास असतो आणि 100 बारला पुन्हा 13,800. म्हणून सेन्सरचा आलेख पायथ्याशी रेंगाळून मग ताठ चढत असेल, तर संशय हवेवर घ्या. सुरुवातीपासून एकसारखा संथ असेल तर होज (लवचिक नळी) फुगतोय. वर जाता जाता मंदावत असेल, तरच पंपाच्या गळतीकडे वळा.

मशीन चालू असताना टाकीतलं तेल काचेच्या बाटलीत काढा. दुधट दिसलं आणि खालून वर निवळत गेलं तर हवा. तसंच दुधट राहिलं तर पाणी. रिटर्न पाइपचं तोंड तेलाच्या पातळीखाली आहे ना, सक्शनचे (पंपाकडे तेल ओढणाऱ्या नळीचे) जोड घट्ट आहेत ना, तेही बघा.

मॉडेलमधला पंपाच्या गळतीचा आकडाही बारमाही एकच ठेवू नका. मे महिन्यात दुपारी तेल 70 अंशांवर गेलं की 68 ग्रेडच्या तेलाची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) 40 अंशांच्या मानाने तिसऱ्या हिश्श्यावर येते आणि गळती तिपटीवर जाते. एकदा सकाळी, एकदा दुपारी, पूर्ण दाबावर केस ड्रेनचं (पंपाच्या आतली गळती बाहेर नेणाऱ्या नळीचं) तेल मिनिटभर मोजपात्रात धरा आणि ते दोन्ही आकडे तापमानासह मॉडेलमध्ये घाला.